घारगे चिवट का होतात?

प्रश्न : काकू, माझी आजी लाल भोपळ्याचे घारगे करायची. ती गेल्या वर्षी गेली आणि कृती विचारायची राहून गेली. मी दोनदा करून पाहिले. भोपळ्याच्या किसात गूळ घालून चांगला शिजवला, त्यात मोजून २ वाट्या कणीक घातली. घारग्यांनी तेल भरपूर प्यायलं आणि दुसऱ्या दिवशी ते चिवट झाले. आजीचे चार दिवस मऊ राहायचे. कुठे चुकतं?
– एक वाचक, पुणे

उत्तर : तुझं चुकतंय ते गुळापाशी आणि वाटीपाशी.

गूळ आचेवर शिजत राहिला की त्याचा पाक होतो. पाकातलं पीठ गार झालं की घारगा चिवट होणारच. म्हणून आधी नुसता कीस चमचाभर तुपावर, झाकण ठेवून वाफवायचा. पाणी घालायचं नाही, भोपळा स्वतःच सोडतो. कीस मऊ झाला की झाकण काढून ते पाणी आटव, गॅस बंद कर आणि मगच किसलेला गूळ घाल. २ वाट्या किसाला साधारण १ वाटी. तेवढ्या उष्णतेवर तो विरघळतो. चिमूटभर मीठ, वेलची, जायफळ.

आता वाटी. भोपळा कधी पाणचट निघतो, कधी कोरडा, म्हणून कणीक मोजून घालता येत नाही. आमच्याकडे ‘मावेल तेवढी’ म्हणतात. मिश्रण कोमट झालं की २ चमचे तांदळाची पिठी, चमचाभर कडकडीत मोहन आणि मग कणीक मुठीमुठीने. गोळा पातेल्याची कड सोडतो पण बोटाला जरासा चिकटतो, तिथे थांब. अर्धा तास झाकून ठेव. गुळामुळे पीठ पुन्हा सैल पडतं, तेव्हा आणखी एखादी मूठ लागते. तुझं पीठ इथेच सैल राहिलं असणार, म्हणून तेल प्यायलं.

शक्यतो जून भोपळा घे, देठ सुकलेला. रत्नागिरीकडे आमच्या घरी पावसाळ्यातले भोपळे पडवीच्या वाशांना टांगलेले असत आणि थंडीत एकेक उतरवला जाई. कोकण रेल्वे १९९८ साली पूर्ण सुरू झाली. त्याआधी वडील मुंबईला रात्रीच्या एसटीने जायचे. त्या दिवशी दुपारपासून आई घारगे थापायला बसायची. केळीच्या पानाला तेलाचं बोट, त्यावर लिंबाएवढा गोळा, आणि उजव्या हाताची तीन बोटं मधून कडेकडे सरकत जायची. कड जाड राहिली तर ती परत अंगठ्याने दाबायची. वरून खसखस. पुरीच्या दुप्पट जाडी हवी. पातळ लाटलेला घारगा मला घारगा वाटतच नाही.

तेल मध्यम आचेवर तापव. पिठाचा कण टाकला की तो बुडबुडे घेत सावकाश वर यायला हवा. झटकन वर येऊन काळा पडला तर आच कमी कर, नाहीतर गूळ बाहेरून करपतो आणि आत पीठ कच्चं राहतं. तांबूस झाला की काढ, बाहेर आल्यावर रंग आणखी गडद होतो.

पूर्ण गार झाल्याशिवाय डब्याचं झाकण लावू नकोस, वाफ धरली की बुरशी येते. खाताना वर लोण्याचा गोळा घे, नाहीतर सोबत लिंबाचं मुरलेलं लोणचं.

प्रश्न : गुळाऐवजी साखर चालेल का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : घारगे होतात, पण फिके दिसतात आणि तळताना जो खमंग वास घरभर सुटतो तो येत नाही. मी साखरेचे करत नाही.