आधी धडधाकट माकड

प्रिय मुली,

तुझा मेल काल रात्रीच वाचला, पण उत्तर सकाळवर टाकलं. रात्री लिहिलं असतं तर रागाच्या भरात लिहिलं असतं. चौदा महिने दोडामार्ग-बांद्याकडे माकडांच्या लेंडीतले विषाणू शोधत फिरलीस आणि आता लिहितेस, ‘सर, सगळी माकडं धडधाकट निघाली, हाती काहीच लागलं नाही. गाइड म्हणतात, माकडतापाच्या साथीतले विषाणूंचे तयार सिक्वेन्स (जनुकांचे वाचन) घे, सहा महिन्यांत पेपर होईल.’

हाती काहीच लागलं नाही, हे वाक्य पुन्हा लिहू नकोस. ते वाचून मला माझी तीस वर्षं आठवली.

1957 साली शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात माकडं पटापट मरायला लागली, माणसं तापाने फणफणली. पुण्याच्या तेव्हाच्या व्हायरस रिसर्च सेंटरची माणसं धावली. पीतज्वर भारतात शिरला की काय, ही धास्ती होती. निघाला गोचिडीतून पसरणारा, रशियातल्या मेंदूज्वराच्या नात्यातला विषाणू. हाच तो माकडताप. काम मोठंच झालं. पण मेलेल्या माकडाने हाक दिली म्हणून आपण गेलो, आणि तीच सवय आपल्या अंगात मुरली. माकड मेल्याची खबर आली की गाडी काढायची. 2016 मध्ये दोडामार्गात ऐन काजूच्या हंगामात तेच झालं. मेलेलं माकड उचला, भोवती पावडर मारा, गोचिडी वेचा, नमुना पाठवा.

मीही आयुष्यभर तेच केलं. एका वस्तीमागे एकाच कळपातली सहा वानरं मेलेली सापडली. उरलेली समोरच्या किंदळावर बसून आमच्याकडे बघत होती. त्यांच्या अंगावरही त्याच गोचिडी होत्या, ती फिरलीही त्याच रानात. ती का जगली? मी मान वर करून पाहिलं, मोजली, वहीत आकडा लिहिला आणि गाडीत बसलो. त्यांची लेंडी गोळा करायला अर्धा तास लागला असता. तो अर्धा तास मला अजून छळतो.

म्हणून सांगतो, आधी धडधाकट माकड.

एड्सच्या विषाणूचं मूळ तुला ठाऊक आहे, ते उगाळत नाही. पण त्यातला सूटी मँगबे आठव. पश्चिम आफ्रिकेतलं हे माकड रक्तात एसआयव्ही, म्हणजे एचआयव्हीचा माकडांतला भाऊबंद, घेऊन हिंडतं. थोडाथोडका नाही, भरपूर. तरी ते खातंपितं, पिल्लं वाढवतं, म्हातारं होतं. हाच विषाणू अमेरिकेतल्या संशोधन केंद्रांमध्ये आशियातल्या मॅकाक माकडांत गेला तेव्हा ती एड्ससारख्या आजाराने मेली. माणसात आला तो एचआयव्ही-2, एड्सच्या विषाणूचा दुसरा प्रकार. फक्त मेलेल्या मॅकाकचाच अभ्यास करत बसलो असतो तर उगम सापडला असता का? उगम ठणठणीत मँगबेच्या रक्तात होता.

बियोको बेटाचं उदाहरण तर मला फार आवडतं. समुद्र चढला आणि सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी हे बेट आफ्रिकेपासून तुटलं. बेटावरच्या माकडांतला एसआयव्ही मुख्य भूमीवरच्या त्यांच्या भाऊबंदांच्या विषाणूंशी ताडून पाहिला, तर नातं जुळलं. म्हणजे समुद्र मधे यायच्या आधीपासून विषाणू तिथे होता. त्यावरून हिशेब मांडला तर एसआयव्हीचं वय निदान 32 हजार वर्षं निघालं. हे घड्याळ कुठल्या साथीत सापडलं नाही, जंगलातल्या जित्या माकडांत सापडलं. चिंपांझीचा एसआयव्हीसुद्धा दोन वेगळ्या माकडांच्या विषाणूंचे तुकडे जुळून झालेला. चिंपांझी त्या माकडांची शिकार करतो, त्यातून हे घडलं असावं.

युगांडातल्या किबालेमध्ये लाल कोलोबस माकडाच्या रक्तात माकडांना होणाऱ्या रक्तस्रावी तापाच्या विषाणूचे दोन निरनिराळे भाऊ सापडले, तेही एकाच माकडात. माकड आजारी दिसत नव्हतं. याच कुळातल्या विषाणूने 1964 मध्ये पिंजऱ्यातल्या आशियाई मॅकाक माकडांचे कळपच्या कळप संपवले होते. पीतज्वराचंही असंच. आफ्रिकेतल्या माकडांना तो सहसा फारसा बाधत नाही, ओळख जुनी. गुलामांच्या जहाजांतून तो दक्षिण अमेरिकेत गेला आणि तिथली हाऊलर माकडं आजही त्याने मरतात. 2016-17 मध्ये ब्राझीलमध्ये हजारोंनी मेली. माकड मरतं तिथे बहुधा ओळख नवी असते. जुनी ओळख कशी असते ते धडधाकट माकडाशिवाय कोण दाखवणार?

आता तुझ्या नमुन्यांकडे ये. लेंडीत बॅक्टेरियांना खाणारे विषाणू मिळाले, झाडापाल्यातले मिळाले, आणि तू त्यांना कचरा म्हणतेस. झाडाचे विषाणू म्हणजे माकडाने त्या दिवशी काय खाल्लं त्याची नोंद. ती बाजूला कर, फेकू नकोस. खाली उरतात ॲडिनो, ॲस्ट्रो, एंटेरो, म्हणजे माकडाचे स्वतःचे. यातले आरएनएवाले स्वतःची नक्कल करताना चुका करतात आणि त्या फारशा दुरुस्त होत नाहीत, म्हणून वर्षभरातही बदल दिसू शकतो. पण तो दिसायला तेच माकड पुन्हा पुन्हा हवं, आणि ते तुझ्याकडे आहे! मॅकाकच्या लाळेत फोमी विषाणू सर्रास असतो, त्याचं वानरकुळाशी नातं तीन कोटी वर्षांचं. तीन कोटी वर्षं ज्याने यजमानाला मारलं नाही, तो तुला कमी महत्त्वाचा वाटतो?

मी एकदा निरोगी माकडांचे वर्षभर नमुने घ्यायचा प्रस्ताव लिहिला होता. ‘रोगच नाही तर अभ्यास कशाचा’ असा शेरा मारून तो परत आला. मी वरिष्ठांशी भांडलो, पुढची तीन वर्षं मला रानाबाहेरच्या कामावर ठेवलं. लोक म्हणतात, हट्ट सोडला असता तर वर गेला असतास. गेलो असतो. पण प्रस्ताव बरोबर होता, हे मी तेव्हाही म्हणत होतो आणि आजही म्हणतो. चूक एवढीच झाली की परवानगीची वाट बघत बसलो. वाटेवर पडलेली लेंडी तेव्हाच कुपीत भरून ठेवायला हवी होती. तू ती भरलीस, म्हणून तुझ्यावर एवढा चिडतोय.

साथीतले सिक्वेन्स वाईट नाहीत. घे, वापर, पेपर कर. पण रान सोडून नव्हे. ते सगळे ज्याला आजार झाला त्याचे आहेत, ज्याला झाला नाही त्याची बाजू त्यात नाही. गाइडना स्पष्ट सांग. धीर होत नसेल तर मला फोनवर घे, मी बोलतो.

हातमोजे घालत जा. मागे फोटोत तुझे हात उघडे होते, मी तेव्हाच बोलणार होतो. हर्पीस बी हा विषाणू माकडाच्या तोंडात फार तर दोन फोड आणतो, माणसाला मात्र उपचार न मिळाल्यास बहुतेक वेळा जीवच घेतो. चावलं, ओरबाडलं तर पंधरा मिनिटं साबणपाण्याने जखम धुवायची आणि तडक दवाखाना. पँट मोज्यात खोचायची, गोचिडी दूर ठेवणारं डीएमपी तेल लावायचं.

आणि ती तुटक्या कानाची मादी. गेल्या खेपेला पहाटे उंबराखाली तिची वाट बघत आपण दोघं बसलो होतो. ती उतरली, पिल्लाला पोटाशी धरून दगडावर बसली, उठून गेली. लेंडी अजून ऊन होती, उंबराच्या बियांनी भरलेली. मातीला न लागलेला मधलाच भाग तू काडीने उचललास, कुपीवर तारीख, वेळ, झाड, कळप, मादीची खूण सगळं लिहिलंस. मी काही बोललो नाही, पण तीस वर्षांत मला तसं एकदाही जमलं नव्हतं.

तिचे चार ऋतूंचे नमुने झालेत. पाऊस सरला की पाचवा घे, आणि कुपी बर्फात ठेवलीस की मला फोन कर.

तुझे,
सर