राखी पौर्णिमेला आकाश ढगाळ असेल तर चंद्राचा फोटो काढायला जाण्यात अर्थ आहे का? सेटिंग काय ठेवावं?

जावंच. निरभ्र आकाशातला पौर्णिमेचा चंद्र फोटोत अगदी कंटाळवाणा दिसतो. ऊन समोरून पडलेलं, त्यामुळे विवरांना सावल्याच नाहीत. विवरं हवीत तर अष्टमीला काढा. पौर्णिमेला मजा ढगांचीच, हे मी आमच्या भाऊजींना सांगून थकलो.

एका राखीला बडोद्याला ताईकडे, दांडिया बाजारात, जेवणं आटोपून आम्ही दोघं सुरसागर तळ्याच्या कठड्याशी जाऊन उभे राहिलो. श्रावणातलं बडोद्याचं आकाश, विचारूच नका! भाऊजींना डास चावले, ते शेव-उसळ खायला पसार. मी थांबलो. ढग विरळ झाला आणि चंद्राभोवती तांबूस कडेचं वलय उमटलं. ढगातल्या बारीक थेंबांमुळे प्रकाश पसरतो, म्हणून होतं ते. तेच टिपलं. घरच्या ग्रुपवर कुणी ढुंकूनही पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी भाऊजींचा फोटो आला. तळ्यातल्या महादेवाच्या पुतळ्याच्या खांद्याशी भला थोरला चंद्र, कडा सुरीसारख्या, आणि चक्क ढगांच्या अलीकडे! सगळे वाहवा करताहेत. 300 मिमीच्या, लांबचं जवळ आणणाऱ्या लेन्सनेही कॅमेऱ्याच्या सेन्सरवर चंद्र जेमतेम 3 मिमीचा उमटतो. यांनी अख्खं तळं मावणाऱ्या लेन्सने एवढा कुठून आणला? मी तेवढंच विचारलं, तर ताई म्हणाली, "तुला दुसऱ्याचं कौतुक बघवत नाही."

असो. सेटिंग. स्वच्छ आकाशाला आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) 100, लेन्सचं छिद्र एफ/11, शटर 1/100 सेकंद. पातळ ढग असेल तर शटर 1/50 किंवा 1/25. ऑटोवर ठेवू नका, कॅमेरा काळोख उजळायला जातो आणि चंद्राचा नुसता पांढरा डाग होतो. फोकस हाताने. ढग दाट असेल तर यातलं काहीच चालत नाही, हेही खरं.

चंद्रावरचे डाग आणि ढग दोन्ही एका फोटोत सहसा मिळत नाहीत. ट्रायपॉड न हलवता लागोपाठ दोन काढायचे, एक चंद्रासाठी, एक ढगांसाठी, आणि जोडायचे. उशीर नको, दोनेक मिनिटांत चंद्र स्वतःच्या रुंदीएवढा सरकतो. हो, मीही जोडतो. पण त्याच आकाशातला, त्याच जागचा, त्याच आकाराचा चंद्र. भाऊजी म्हणतात दोन्ही एकच. तुम्हीच सांगा, आहे का एकच?