आधी वर्कशॉपचा पत्ता तिच्या हातात द्या

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपमालकांचं पत्र आलं आहे. 26 वर्षं ते जॉबवर्क, म्हणजे दुसऱ्या कारखान्यांचे सुटे भाग मशिनवर करून देण्याचं काम, करतात. सुरुवात एका लेथवर केली, आज दोन व्हीएमसी, म्हणजे संगणकावर चालणारी मशिनं, आहेत. मुलगी 21 वर्षांची, बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला. तिला एसईओ आणि डिजिटल मार्केटिंग शिकायचं आहे. पुण्यातल्या एका तीन महिन्यांच्या क्लासची फी 75 हजार, सोबत ‘नोकरीची हमी’. वडिलांना वाटतं तिनं बँकेच्या परीक्षा द्याव्यात. ते लिहितात, ‘गुगलवर नाव वर आणणं हे काय शिक्षण झालं? आमचा धंदा तोंडओळखीवर चालतो.’

सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र लेटरहेडवर आहे, म्हणून उत्तर लिहायला बसण्याआधी त्यावरचं नाव मी गुगलवर टाकून पाहिलं. नकाशावर वर्कशॉप सापडलं, पण खूण मागच्या गल्लीत लागली आहे. फोन म्हणून लँडलाईनचा नंबर आहे, तो लावून पाहिला तर बंद. फोटो एकच, सुट्टीच्या दिवशी कुणीतरी काढलेला, खाली ओढलेल्या शटरचा. लेटरहेडवर ‘इंजिनिअरिंग वर्क्स’, तिथे नुसतं ‘इंजिनिअर्स’. आणि व्यवसायाचा प्रकार म्हणून चक्क ‘वाहन दुरुस्ती’ लागलंय. तुमच्याकडे पंपाच्या बॉडी आणि गिअरबॉक्सची हाऊसिंग (बाहेरची कवचं) मशिनवर तयार होतात, हे तिथून कुणालाही कळणार नाही.

तोंडओळखीचं तुम्ही म्हणता ते अगदी खरं आहे. म्हादबा मेस्त्रींच्या ऑईल इंजिनाच्या दिवसांपासून उद्यमनगर शब्दावर आणि ओळखीवर उभं आहे. पण आज ओळख कशी पोहोचते ते बघा. शिरोलीतलं तुमचं जुनं गिऱ्हाईक चाकणच्या एखाद्या कारखान्यातल्या परचेसवाल्याला (खरेदी बघणाऱ्याला) तुमचं नाव सुचवतं. तो माणूस लगेच फोन उचलत नाही, आधी नाव टाकून बघतो. समोर बंद शटर आणि बंद नंबर आला की तो यादीतल्या दुसऱ्या नावाकडे वळतो. तुम्हाला यातलं काहीच कळत नाही. शिफारस दारापर्यंत येऊन परत गेलेली असते.

तुमच्या लेकीला जे शिकायचंय, ते काम इथूनच सुरू होतं. जवळपासचे व्यवसाय दाखवताना गुगल मुख्यतः तीन गोष्टी बघतं, आणि त्या त्यांनी स्वतःच जाहीर केल्या आहेत: विचारलेल्या गोष्टीशी तुमचं काम किती जुळतं, शोधणाऱ्यापासून तुम्ही किती अंतरावर आहात आणि तुमचं नाव किती परिचित आहे. अंतर तुमच्या हातात नाही. बाकीच्या दोन गोष्टी मेहनतीनं सुधारतात. पैसे भरून जाहिरात दाखवता येते, पण जाहिरातीखालच्या साध्या निकालांत पैशानं वर चढता येत नाही. म्हणूनच या कामाला माणूस लागतो, आणि म्हणूनच मी याला शिक्षण म्हणते.

आता त्या 75 हजारांबद्दल. फी भरू नका. निदान आत्ता तरी नको. हमीच्या भाषेला भुलू नका: गुगलवर पहिला क्रमांक मिळवून देण्याची हमीही कुणीच देऊ शकत नाही, हे गुगल स्वतः सांगतं. चांगल्या जाणकारानं काम केलं तरी फरक दिसायला साधारण चार महिने ते वर्ष लागतं, हेही त्यांचंच म्हणणं. मग तीन महिन्यांच्या वर्गात शिकणाऱ्या मुलीनं स्वतः केलेल्या कामाचं फळ बघायचं कधी? माझा स्वतःचा अनुभवही सांगते. ‘15 दिवसांत पहिल्या पानावर’ म्हणणाऱ्या एका एजन्सीला मी पैसे दिले होते. पंधराव्या दिवशी त्यांनी पहिलं पान दाखवलं, पण शोधलं होतं माझंच नाव! ज्याला माझं नाव ठाऊक आहे तो मला शोधेलच. ज्याला फक्त ‘कोल्हापुरात करिअरचा सल्ला’ हवा होता, त्याला मी तेव्हाही दिसत नव्हते. तुमच्या लेकीला हा फरक पहिल्या आठवड्यातच कळायला हवा.

त्यापेक्षा तिला सहा महिने तुमचं वर्कशॉप द्या. संध्याकाळी दोन तास ऑफिसच्या टेबलावर बसू दे, आणि येणारा प्रत्येक फोन वहीत टिपू दे. गिऱ्हाईक नेमकं काय विचारतं, तेही त्याच्याच शब्दांत. ‘सीआय कास्टिंग (बिडाचं ओतकाम) आमचं, मशिनिंग तुमचं, जमेल का?’ ‘केवढ्या साईजपर्यंत घेता?’ ‘पन्नासच नग आहेत, कराल?’ ‘इन्स्पेक्शन रिपोर्ट मिळेल?’ महिन्याभरात ती वही भरेल. शोधणारा माणूस गुगलवर हेच टाकतो, फक्त थोडं आखडून. वेबसाइटवर हेच प्रश्न आणि तुमची खरी उत्तरं लिहायची: टेबलाची साईज, किती वजनाचा जॉब चढतो, कोणत्या मापापर्यंत अचूकता देता, कमीत कमी किती नग घेता. ‘आम्ही दर्जेदार सेवा देतो’ हे वाक्य सगळ्यांच्या साइटवर असतं आणि ते कुणीच शोधत नाही.

ही वही तिची खरी पुंजी आहे. पुण्यातल्या वर्गातल्या पोरांना सर्च कन्सोल, म्हणजे आपली साइट गुगलवर कशी दिसते ते सांगणारं गुगलचं साधन, उघडता येईल, तेही फुकट मिळतं. पण बोअरिंग आणि टर्निंग यातला फरक त्यांना सांगता येणार नाही. तुमच्या लेकीनं तो लहानपणापासून बघितलाय. शिवाय 2024 पासून गुगल भारतातही बऱ्याच प्रश्नांची उत्तरं एआयनं तयार करून वरच दाखवतं. ‘मशिनिंग म्हणजे काय’ असले उसने लेख लिहून देण्याच्या कामावर पोट भरेल असं मला वाटत नाही. पण पन्नास नग घेणारं वर्कशॉप शोधणाऱ्याला शेवटी खरा पत्ता आणि खरा फोनच लागतो.

थोडं एचटीएमएल (वेबपान लिहायची भाषा), नीट फोटो काढणं, साइट मोबाईलवर पटकन उघडते का ते तपासणं, दर महिन्याचे आकडे एक्सेलमध्ये ठेवणं, हे ती घरी बसून शिकेल. बी.कॉम. आहे, आकड्यांना घाबरणार नाही.

ओळखींचा भाग मात्र घरी बसून होणार नाही. कोल्हापूर इंजिनिअरिंग असोसिएशन उद्यमनगरातच आहे. गोकुळ शिरगावच्या उद्योजकांची संघटना ‘गोशिमा’ आहे, शिरोलीच्या उद्योजकांची ‘स्मॅक’ आहे, चेंबर ऑफ कॉमर्स आहे. यांच्या कार्यक्रमांना जाल तेव्हा तिला बरोबर न्या, आणि ‘ही माझी मुलगी’ एवढ्यावर थांबू नका. ‘वर्कशॉपचं ऑनलाइन सगळं ही बघते’ असं म्हणा. तिला पहिलं बाहेरचं काम अशाच एखाद्या चहाच्या कपावर मिळेल, कारण शेजारच्या पॅटर्नवाल्याचीही (ओतकामाचे साचे करणाऱ्याची) नकाशावरची खूण बहुधा चुकलेलीच असते.

लिंक्डइनवर कंपनीच्या पानाआधी तुमचं स्वतःचं प्रोफाईल तिला करू द्या. परचेसवाले माणसाशी बोलतात. आठवड्याला एखादी नोंद पुरे: कुठला जॉब अडला होता, फिक्स्चर (जॉब पकडून ठेवणारी चौकट) कसं बदललं, सेटिंगचा किती वेळ वाचला. तुम्ही सांगा, तिनं लिहावं. तुम्ही पत्रात 26 वर्षं तीन ओळींत उरकलीत, मला त्याच ओळी पुन्हा वाचाव्याशा वाटल्या.

एक गोष्ट तिला पहिल्या दिवशीच बजावा. गिऱ्हाईकाचं ड्रॉईंग, पार्ट नंबर किंवा त्यांचं नाव कोरलेलं कास्टिंग परवानगीशिवाय फोटोत येता कामा नये. मागच्या टेबलावर पसरलेलं ड्रॉईंगसुद्धा झूम करून वाचता येतं. त्या एका फोटोनं वीस वर्षांचं गिऱ्हाईक जाऊ शकतं. रिव्ह्यूही खऱ्या गिऱ्हाईकांकडूनच मागायचे. भाच्या-पुतण्यांकडून पाच तारे लिहून घेणं गुगलच्या नियमात बसत नाही, ते काढून टाकले जाऊ शकतात.

बँकेचं दार या सहा महिन्यांनी बंद होत नाही. बँकांची भरती परीक्षा घेणाऱ्या आयबीपीएसच्या पीओ (अधिकारी) परीक्षेला वयाची अट 20 ते 30 आहे, क्लार्कला 20 ते 28. ती आज 21 ची आहे. पण दोन्ही एकदम नको, अर्ध्या मनानं दिलेल्या बँकेच्या परीक्षेत यश येत नाही. पदवीची परीक्षा झाली की तारीख ठरवून सहा महिने द्या आणि तिला पगार द्या, थोडा का असेना, पण पाकिटात. शेवटी घरच्यांनी एकत्र बसून वही उघडायची: अनोळखी माणसांचे किती फोन आले, त्यातून किती कोटेशन गेली, किती ऑर्डरी झाल्या. आकडे बघून तिलाच ठरवू द्या. तेव्हाही तिला कोर्स करावासा वाटला तर कोणता करायचा ते तिचं तिला कळेल, आणि तेव्हा फी भरायला मी तुम्हाला अडवणार नाही.

नकाशावरची खूण मात्र उद्याच हलवा. तिला सांगा, वर्कशॉपच्या दारात उभं राहून, शटर वर असताना, मशिन चालू असताना फोटो काढ. आणि नाव एकदा पक्कं करा. बोर्डावर, मालाच्या चलनावर, जीएसटीवर आणि गुगलवर एकच.