'काल पाठवला होता' आणि इंग्रजीतला 'हॅड'

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ऐरोलीला आयटीत नोकरी, परदेशी क्लायंटशी रोज मेल, व्याकरणाचं जाडजूड पुस्तक दोनदा वाचून झालंय, तरी टीम लीड तुमच्या मेलमधले 'हॅड' खोडत असते. तर आता याच्याही पुढचं कुठलं पुस्तक घ्यावं?

इतक्यात घेऊ नका. तुम्ही नमुन्याला दिलेलं वाक्य बघा: 'आय हॅड सेंट द रिपोर्ट येस्टरडे.' हे सरळ 'काल रिपोर्ट पाठवला होता' वरून आलंय, आणि मराठीत ते अगदी बिनचूक आहे. म्हणूनच ही चूक कानाला खटकत नाही.

शाळेत आपल्याकडून पूर्ण भूतकाळ म्हणजे पास्ट परफेक्ट असं घोकून घेतलं. रूपं जुळतात, कामं जुळत नाहीत. 'कुरियरवाला आलाय' म्हटलं की तो दारात उभा आहे. 'कुरियरवाला आला होता' म्हटलं की तो येऊन परत गेला. हा येऊन गेल्याचा अर्थ आपण 'होता'कडून काढून घेतो. इंग्रजीत त्याला साधा भूतकाळ पुरतो: 'द कुरियर केम इन द आफ्टरनून.' 'हॅड'चं मुख्य काम वेगळं. भूतकाळातली एक गोष्ट दुसरीच्या आधी घडून गेली, हे तो सांगतो. ती दुसरी गोष्ट वाक्यात किंवा आसपास असावी लागते, नसली तर वाचणारा तिची वाट बघत बसतो.

हे मला महापेला निर्यातीची कागदपत्रं बघताना कळलं. मी एका ग्राहकाला लिहिलं, 'वी हॅड शिप्ड द पार्ट्स ऑन मंडे.' उलट उत्तर आलं, मग पुढे काय झालं, माल परत आला का? माल वेळेवर बोटीवर चढला होता. पण माझ्या 'हॅड'मुळे त्यांना वाटलं की सोमवारनंतर काहीतरी बिनसलंय आणि मी ते सांगायचं टाळतोय. दोन दिवस खुलासे करण्यात गेले. तेव्हापासून हा विषय मी किरकोळ मानत नाही.

पुष्कळ जणांना वाटतं, गोष्ट जुनी असली की 'हॅड' लावायचा. जुनेपणाशी त्याचा संबंध नाही. बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी गाडी 16 एप्रिल 1853 ला आली. इतकी जुनी घटना, तरी 'द फर्स्ट ट्रेन केम टू ठाणे इन 1853' एवढंच लिहायचं. पुढच्या वर्षी रूळ कल्याणपर्यंत गेले. आता दोन घटना झाल्या, आता 'हॅड' हवाच: 'व्हेन द लाइन रीच्ड कल्याण इन 1854, ट्रेन्स हॅड बीन रनिंग टू ठाणे फॉर अ इयर.'

काही ठिकाणी मात्र मराठी कान तुम्हाला बरोबर नेईल. ठाण्याला दहा नंबरवर वाशीची गाडी पकडायला तुम्ही धावत जिना उतरलात. 'मी पोचले तेव्हा गाडी सुटली', म्हणजे डोळ्यांदेखत. 'मी पोचले तेव्हा गाडी सुटली होती', म्हणजे समोर रिकामे रूळ. इंग्रजीत नेमका हाच फरक 'द ट्रेन लेफ्ट' आणि 'द ट्रेन हॅड लेफ्ट' यांत आहे. इथे दोन घटना आहेत, म्हणून दोन्ही भाषा एका वाटेने जातात.

खरी अवघड जागा जर-तरची. 'तुम्ही सांगितलं असतं तर मी आले असते' यात दोन्हीकडे 'असतं' आहे. त्यामुळे आपण इंग्रजीतही दोन्हीकडे 'वुड हॅव' घालतो. प्रमाण लेखी इंग्रजीत अटीच्या बाजूला 'हॅड' आणि परिणामाच्या बाजूला 'वुड हॅव': 'इफ यू हॅड टोल्ड मी, आय वुड हॅव कम.' इथला 'हॅड' ही गोष्ट घडलीच नाही, असं सांगतो. औपचारिक पत्रांत 'इफ' गाळून 'हॅड यू टोल्ड मी' अशी सुरुवातही दिसेल. तो प्रश्न समजू नका, अर्थ तोच.

आणखी एक. 'मला जरा विचारायचं होतं' याचं 'आय हॅड टू आस्क यू समथिंग' करू नका, त्याचा अर्थ विचारणं भाग पडलं असा होतो. 'आय वॉन्टेड टू आस्क' लिहा. आपल्या 'होतं'मधली अदब 'वॉन्टेड'मध्ये आपोआप येते.

उद्या एवढं करा. गेल्या आठवड्यात पाठवलेले मेल उघडून त्यात 'हॅड' शोधा. 'वी हॅड अ मीटिंग' मधला 'हॅड' सोडून द्या, तिथे ते मुख्य क्रियापद आहे. जर-तरचेही बाजूला ठेवा. उरलेल्या प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा: कशाच्या आधी? उत्तर त्या मेलमध्ये सापडलं तर तो राहू द्या, नाही सापडलं तर साधा भूतकाळ करा. तुमचं वाक्य 'आय सेंट द रिपोर्ट येस्टरडे' होईल. ते 'आय हॅव सेंट' करू नका, कारण 'येस्टरडे' शेजारी असताना 'हॅव' चालत नाही. जी वाक्यं अडतील ती नावं काढून इथेच टाका, एकेक बघू.