सफरचंदाचा चहा, आणि त्यातली ‘सफर’

इस्तंबूलच्या ‘ॲपल टी’त चहाचं एक पानही नसतं, मग मराठीत त्याला चहा म्हणावं की काढा, असा प्रश्न आलाय. चहाच म्हणावं. गवती चहा हे गवत आहे, तरी चहा म्हणतोच ना आपण? आणि काढा आजाऱ्याला देतात, हा पाहुण्याला देतात.

तुर्कही चहाच म्हणतात: ‘एल्मा चायी’. शेवटचा स्वर गाळू नका. उपाहारगृहांच्या फलकांवर ‘एल्मा चाय’ वाचलं की माझा संताप होतो. एल्मा म्हणजे सफरचंद आणि तो शेवटचा स्वर म्हणजे जवळपास आपला ‘-चा’. तो गाळला की ‘सफरचंद चहा’ उरतो, आणि हल्ली मराठीतही सर्रास तसंच लिहितात. ‘सफरचंदाचा चहा’ लिहायला असे कितीसे कष्ट पडतात?

पर्यटकांना देतात ती बहुधा साखर नि सायट्रिक आम्लाची पूड. घरी करायचा तर सुकवलेल्या फोडी आणि साली, दालचिनीचा तुकडा, दोन लवंगा मंद आचेवर १५-२० मिनिटं उकळा, गाळा आणि बिनकानाच्या काचेच्या पेल्यात कडकडीत द्या. पेल्याचं नाव ‘इंजे बेल्ली’, म्हणजे बारीक कमरेचा. धरायचा काठाशी. दूध नको.

आता ‘सफरचंद’. दूरचा सफर करून आलेलं, चंद्रासारखं गोल म्हणून सफरचंद, ही व्युत्पत्ती कृपा करून मुलांना शिकवू नका. अरबीत ‘सफरजल’ म्हणजे बिही: सफरचंदाचं पिवळं, तुरट भावंड. गुजरातीत सफरचंदाला आजही ‘सफरजन’ म्हणतात. ल जाऊन न आला, बस्स. माझं ठाम मत असं की मराठीत आल्यावर त्या अनोळखी शेपटाला लोकांनी रायचंद-माणिकचंदमधला ओळखीचा ‘चंद’ जोडून टाकला. आणि प्रवासाचा ‘सफर’? सफरजल हा मुळात अरबी शब्दच नव्हे. तो अरामी या पश्चिम आशियातल्या जुन्या भाषेतून आला आणि त्याच्याही मागे प्राचीन इराकातल्या अक्कादी भाषेतला ‘सुपुर्गिल्लु’ आहे, अर्थ तोच, बिही. त्यात कुणी कुठे प्रवासाला निघालेलं नाही!

‘फारसी शब्द आहे’ एवढं सांगून थांबणाऱ्या विद्वानांशीही माझं भांडण आहे. फारसीत सफरचंदाला ‘सीब’ म्हणतात (हिंदीतलं सेब तेच) आणि बिहीला ‘बिह’. काष्ठौषधींच्या दुकानात मिळणारा बिहीदाणा त्याच बिहीचा. म्हणजे फळाचं नाव एका वाटेने आलं, बियांचं दुसऱ्या, आणि पहिल्या वाटेवर फळच बदललं.

तुर्कस्तानात बिहीला ‘आय्वा’ म्हणतात आणि तिच्या पानांचाही चहा करतात, मुख्यतः खोकल्यावर. शब्दाच्या मुळाशी जायचं तर सफरचंदाचा चहा तो!