टाकी डोक्यावर, तरी शॉवरला जोर नाही : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आम्ही पाच मजली इमारतीच्या पाचव्या मजल्यावर राहतो. सध्या न्हाणीघराचे नूतनीकरण काढले आहे. दुकानात पाहिलेला आठ इंची, पावसासारखी धार देणारा शॉवर आणि गरम-थंड पाणी एकत्र करणारा, एका दांडीचा भिंतीतला मिक्सर आम्ही पसंत केला आहे. पण प्लंबर म्हणतो की वरच्या मजल्यावर तो चालणार नाही. गच्चीवरची टाकी थेट आमच्या डोक्यावर असताना पाण्याला जोर कमी कसा? सोसायटीने मोठी टाकी बसवली तर फरक पडेल का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : आपला प्लंबर योग्य तेच सांगतो आहे, आणि टाकी डोक्यावर आहे हेच त्याचे कारण आहे. टाकीतून उतरणाऱ्या पाण्याचा जोर टाकीतल्या पाण्याची पातळी नळाच्या तोंडापासून किती उंच आहे यावर ठरतो. दर १० मीटर उंचीला साधारण एक बार (बार हे दाब मोजण्याचे एकक), असा त्याचा सरळ हिशेब आहे. आपल्या शॉवरच्या वर पाणी फार तर आठ-नऊ फूट, म्हणजे अडीच-पावणेतीन मीटर असेल, तेव्हा आपल्या वाट्याला जेमतेम पाव बार जोर येतो. त्याच टाकीचे पाणी पहिल्या मजल्यावर पोहोचते तेव्हा मधल्या चार मजल्यांची उंची जमेस धरून त्याचा जोर दीड बारच्या आसपास गेलेला असतो. टाकी हजार लिटरची आहे की पाच हजारांची, याने जोरात काही फरक पडत नाही. टाकीखालचा ओटा चार फुटांनी वाढवला, तर थोडा पडेल. पण भरलेल्या टाकीचे वजन टनात मोजावे लागते, म्हणून संरचना अभियंत्याला विचारल्याशिवाय ओट्याला हात लावू नये.

दुकानातला शॉवर छान बरसतो, कारण त्याच्यामागे पंप असतो. खरेदीपूर्वी त्या वस्तूच्या माहितीपत्रकातला 'किमान दाब' हा रकाना वाचावा. मोठ्या तबकडीच्या शॉवरना आणि भिंतीतल्या मिक्सरना बहुधा अर्धा ते एक बार दाब लागतो. तो नसेल तर पाणी तबकडीच्या मधल्या भोकांतून नुसते ठिबकत राहते.

तरीही निर्णय घेण्याआधी एक तपासणी घरीच करावी. सध्याच्या शॉवरची चकती फिरवून काढावी आणि उघड्या नळीखाली बादली धरावी. धार जाड आली, तर दोष चकतीच्या भोकांत साचलेल्या क्षारांचा आहे. व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन चकती त्यात अर्धा तास बुडवावी आणि दातांच्या जुन्या ब्रशने घासावी. रात्रभर मात्र ठेवू नये, कारण आम्लाने वरचा क्रोमचा मुलामा उतरतो. नळीतूनच धार बारीक आली आणि इमारत जुनी असली, तर जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी, पाइप कापल्यावर आत जे दिसते ते एकदा पाहावे : बाहेरून अर्ध्या इंचाचा पाइप, आणि आत गंजाच्या पापुद्र्यांतून पेन्सिल जाईल एवढीच वाट. अशा वेळी नवा मिक्सर घेण्याआधी पाइप बदलणे भाग आहे. गरम पाण्याच्या लाइनला सीपीव्हीसी, म्हणजे उष्णता सोसणारा प्लास्टिकचा पाइपच घ्यावा. साधा यूपीव्हीसी गरम पाण्याने मऊ पडतो. टाकीपासून उतरणारी लाइन एक इंची, घरातली फाटा-लाइन पाऊण इंची आणि नळापाशी अर्धा इंच, असे ठेवल्यास असलेला तुटपुंजा जोर वाटेत वाया जात नाही.

एवढे करूनही मोठा शॉवर हवाच असेल, तर टाकीतून येणाऱ्या लाइनवर लहान प्रेशर पंप बसवता येतो. महापालिकेच्या लाइनला थेट पंप लावणे मात्र नियमबाह्य आहे, आणि शेजाऱ्याचे पाणी ओढून घेणारेही आहे. पंपाचा जोर थंड आणि गरम, दोन्ही बाजूंना सारखा मिळाला पाहिजे. केवळ थंड बाजूला दिला, तर मिक्सरमध्ये थंड पाणी गरम लाइनला रेटते आणि अंघोळीच्या मध्येच पाणी गार होते. गीझर किती दाब सोसतो, हेही त्याच्यावरच्या पट्टीवर लिहिलेले असते. माझे मत विचाराल, तर वरच्या मजल्यावर चार इंची साधा शॉवर आणि भिंतीबाहेरचा मिक्सर सुखाचा. भिंतीतला डायव्हर्टर (पाणी नळाकडे की शॉवरकडे, हे वळवणारा मिक्सर) घ्यायचाच असेल, तर त्याचे कार्ट्रिज, म्हणजे आतला बदलता येणारा भाग, सुटे मिळते का, हे दुकानदाराला आधी विचारावे. टाइल्स लावण्यापूर्वी लाइनला दाब देऊन ती किमान एक दिवस तशीच ठेवावी, आणि उघड्या पाइपांशेजारी मोजपट्टी धरून फोटो काढून ठेवावेत. पाच वर्षांनी आरशासाठी भोक पाडताना ते फोटो कामाला येतात.

प्रश्न : आमच्याकडे बोअरचे पाणी आहे. स्वयंपाकघरातला नळ सतत ठिबकतो. दर सहा महिन्यांनी वॉशर बदलतो, तरी तेच. आता अर्ध्या फेऱ्यात उघडणारे नळ बसवावेत का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : आधी जुना नळ एकदा उघडून पाहावा. त्या लाइनचा व्हॉल्व बंद करावा, सिंकच्या जाळीवर फडके टाकावे, म्हणजे स्क्रू आत जाणार नाही, आणि मग स्पिंडल, म्हणजे मुठीबरोबर फिरणारा आतला दांडा, बाहेर काढावा. वॉशरवर गोल खाच पडलेली दिसेल. नळ ठिबकतो म्हणून आपण तो आणखी आवळतो आणि खाच आणखी खोल जाते, हा नेहमीचा क्रम आहे. आता करंगळी आत घालून वॉशर जिथे टेकतो ती पितळी कड चाचपावी. ती खडबडीत लागली, तर कितीही वॉशर बदलले तरी गळती थांबणार नाही. कड घासून सपाट करावी लागते, नाहीतर नळच बदलावा लागतो. गळती किती आहे हे पाहायचे असेल, तर खाली पेला ठेवावा. पाव लिटरचा पेला अर्ध्या तासात भरत असेल, तर दिवसाला १२ लिटर पाणी जात आहे.

अर्ध्या फेऱ्याच्या नळात रबर नसते. सिरॅमिकच्या दोन गुळगुळीत चकत्या एकमेकींवर सरकतात. क्षारांपेक्षा त्यांना बोअरची बारीक वाळू अधिक बाधते, कारण एक कण मध्ये अडकला की चकतीवर ओरखडा उमटतो. म्हणून टाकीकडे जाणाऱ्या लाइनवर जाळीचा गाळणा बसवून तो महिन्याला धुणार असाल, तरच हे नळ घ्यावेत. घेताना नळ हातात तोलून पाहावा, भरीव पितळ जड लागते, आणि आयएसआय चिन्ह पाहावे. अंगणातल्या नळाला मात्र जुना वॉशरचाच ठेवावा. पोरे त्याला लोंबकळली तरी तो टिकतो.

प्रश्न : कोकणातल्या घरी दोन-तीन महिन्यांनी जातो, तेव्हा न्हाणीत दुर्गंधी भरलेली असते. जाळी धुऊनही जात नाही.
– एक वाचक, ठाणे

उत्तर : जाळीखालच्या नहाणी ट्रॅपमध्ये (सांडपाण्याच्या वाटेवर पाणी धरून ठेवणारे भांडे) साधारण दोन इंच पाणी कायम उभे असावे लागते. तेच पाणी गटारातली हवा अडवते, आणि घर बंद असताना ते आटून जाते. निघताना प्रत्येक जाळीत आणि संडासात तांब्याभर पाणी ओतावे, त्यावर चमचाभर खोबरेल सोडावे. तेलाच्या तवंगामुळे पाणी लवकर आटत नाही. पोहोचल्यावर आधी दोन बादल्या पाणी ओतून पाहावे. तरीही वास राहिला, तर कपडे धुण्याच्या यंत्राची नळी गटाराच्या पाइपात नुसतीच खोचलेली आहे का, ते पाहावे आणि तिच्याभोवतीची फट रबरी बुचाने बंद करून घ्यावी.