अश्वत्थाम्याचा थेंब

चिऊ,

वाढदिवसाच्या सकाळी तू पाटावर बसून विचारलंस, "आई, ज्याने झोपलेली मुलं मारली, त्याला आपण तेल का द्यायचं?" मी म्हटलं, "बस चुकेल, आवर लवकर." तू मुकाट्याने आवरलंस. ते मला दिवसभर लागून राहिलं, म्हणून आता लिहितेय.

मी करते ते सगळं माझ्या आजीचं. वाईच्या वाड्यात न्हाणीशेजारी तांब्याचा बंब होता, त्याच्या धुराने डोळे चुरचुरायचे. दिवाळीला आणि वाढदिवसाला ती मला पाटावर बसवायची, वाटीत बोट बुडवून जमिनीवर सात थेंब टेकवायची आणि पुटपुटायची, "अश्वत्थामा बलिर्व्यासो…" सात चिरंजीवांचे सात थेंब. पण पहिल्या थेंबाला ती हमखास थांबायची. "त्याची जखम अजून भळभळतेय गं." मग माझ्या टाळूवर तेल. इथे टोरांटोत जानेवारीत खोबरेल दगडासारखं थिजतं, बाटली गरम पाण्यात उभी करावी लागते. थेंब मात्र मी सातच काढते.

तेव्हा रात्री दाराची कडी वाजली, की तोच तेल मागायला आला असं मला वाटायचं. तेल मागत फिरण्याचं आपल्या लोकांनी मागाहून जोडलं. नंदुरबारकडे सातपुड्यात अस्तंबा नावाचा डोंगर आहे, दिवाळीत तिथे त्याची यात्रा असते. लोक रात्र रात्र चढून जातात.

आजीने मला त्याचं ते भयंकर कृत्य फार उशिरा सांगितलं. आधी सांगितलं ते दुधाचं. (मी दूध टाकायचे, त्यावरून निघालं असेल.) द्रोणांच्या घरी गाय नव्हती. इतरांना दूध पिताना पाहून हा रडायला लागला, तेव्हा त्या मुलांनी पाण्यात पीठ कालवून त्याला दिलं. "मी दूध प्यालो!" म्हणून हा नाचला आणि ती सगळी हसली. चिऊ, हे ऐकल्यावर मी पेला रिकामा केला होता. अजूनही मला तो आठवतो तो असा, तोंडाला पीठ लागलेला.

पुढे युद्धाच्या पंधराव्या दिवशी "अश्वत्थामा मेला" असं सांगून त्याच्या बापाला शस्त्र खाली ठेवायला लावलं आणि मारलं. आपण 'नरो वा कुंजरो वा' म्हणतो ना, ते तिथलंच. अठराव्या दिवसानंतरच्या रात्री वडाखाली बसलेला असताना घुबड झोपलेल्या कावळ्यांना मारताना त्याने पाहिलं, आणि तो पांडवांच्या छावणीत शिरला. उत्तरेच्या पोटातल्या बाळालाही त्याने सोडलं नाही. त्याच्या कपाळावरचा मणी गेला, आणि कृष्णाने शाप दिला: तीन हजार वर्षं, एकटा, रक्तापुवाच्या वासासकट.

तुला वाटतं, एवढं करूनही त्याची कीव करायची? खरं सांगू, मलाही आज पहिल्यांदा तसं वाटलं. प्रतिविंध्य, सुतसोम, श्रुतकर्मा, शतानीक, श्रुतसेन. द्रौपदीची पाच मुलं. ही नावं मला आज शोधून काढावी लागली. मारणाऱ्याचं नाव दर वाढदिवसाला आणि त्यांच्यासाठी एक थेंब नाही. याला माझ्याकडे उत्तर नाही.

एक मात्र आठवतं. भागवतात अर्जुन त्याला दोरीने बांधून द्रौपदीसमोर आणतो आणि ती म्हणते, सोडा त्याला, मी रडतेय तशी त्याची आई रडायला नको. आजी इथवर आली की पदर डोळ्याला लावायची. बाळूकाका, म्हणजे तुझ्या आजोबांचा थोरला भाऊ, चार वर्षांचा असताना तापाने गेला हे मला कॉलेजात असताना कळलं. आजीने त्याचं नाव कधी घेतलेलं मी ऐकलं नाही. ती त्या पहिल्या थेंबाशी का थांबायची, हे मी तिला विचारायला हवं होतं. तू मला विचारलंस तसं.

पुढच्या वर्षी तुला नको असेल तर नको, मी आग्रह करणार नाही. नाहीतर सातांनंतर आणखी पाच काढू, त्या पाच जणांचे. आजीने वाटी पुढे केली असती, असं मला वाटतं.

तुझी,
आई